गाजरगवत : एक तण, तीन शास्त्रे

कंधार - मृगाच्या सरी पडून पंधरा-वीस दिवस लोटले, की मन्याड नदीच्या काठाने, शेतांच्या धुऱ्यांवर, गायरानांत आणि रस्त्यांच्या दुतर्फा जी पहिली हिरवळ उठते, तिच्यातील मोठा वाटा गाजरगवताचा असतो. कंधारहून मुखेड, लोहा, अहमदपूर अशा कोणत्याही दिशेला निघाले तरी हे चित्र फारसे बदलत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकालाही ही वनस्पती अनोळखी नाही. रेल्वेमार्गाच्या कडेला, मोकळ्या भूखंडांवर, बांधकामाच्या राडारोड्यावर त्याने ती पाहिलेली असते. तथापि तिच्याविषयीची आपली माहिती बहुधा दोन वाक्यांत संपते : ती अमेरिकेच्या गव्हाबरोबर आली आणि तिच्यामुळे अंगाला खाज सुटते. यांपैकी पहिले वाक्य फार तर अर्धे खरे आहे आणि दुसरे अगदीच अपुरे.

गेल्या सुमारे सात दशकांत या एका तणावर भारतात आणि भारताबाहेर विपुल संशोधन झाले. अडचण अशी, की वनस्पतिशास्त्रज्ञांचे निष्कर्ष त्यांच्या नियतकालिकांत राहिले, त्वचारोगतज्ज्ञांचे त्यांच्या आणि कीटकशास्त्रज्ञांचे त्यांच्या. शिवारात खुरपे घेऊन बसलेल्या मजूर बाईला मात्र हे तण असे विभागून भेटत नाही. ते केव्हा उपटावे हे वनस्पतिशास्त्र सांगते, उपटणाऱ्या हातांचे काय होईल हे वैद्यक सांगते आणि उपटूनही ते पुन्हा का उगवते याचे उत्तर पर्यावरणशास्त्राकडे आहे. हे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर काही रूढ समजुती आणि काही रूढ मोहिमा या दोहोंचाही फेरविचार करावा लागतो.

नाव गवताचे, कूळ सूर्यफुलाचे

गाजरगवत हे गवत नव्हे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ साली दिले. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, करडई, कारळे ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील ही वनस्पती आहे. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात, म्हणून ‘गाजरगवत’. पांढऱ्या बारीक फुलांमुळे ‘पांढरफुली’ आणि ‘चटकचांदणी’ ही नावेही मराठीत रूढ आहेत. ‘काँग्रेस गवत’ या नावाची उपपत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. कोणी फुलांना पांढऱ्या टोपीची उपमा देतात, तर कोणी ते काँग्रेसच्या राजवटीत आले म्हणून असे म्हणतात. शिवारात आजही ‘काँग्रेस’ एवढेच म्हटले तरी कळते, आणि त्यात राजकारण नसते.

तिचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिका, विशेषतः मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि दक्षिण अमेरिकेचा मध्य भाग हे होय. तेथे तिला खाणारे कीटक आणि तिच्यावर वाढणाऱ्या बुरशी आहेत. भारतात आली तेव्हा ती एकटी आली, शत्रूंना मागे ठेवून आली. तिच्या पुढच्या साऱ्या पराक्रमाचे एक प्रमुख कारण हेच आहे.

गव्हाबरोबर आले काय?

पुण्यात उकिरड्यांवर आणि पडीक जागांत ही झाडे १९५५ च्या सुमारास आढळली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रोला शेषगिरी राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली. पुढे ‘पी. एल. ४८० च्या गव्हातून आलेले तण’ अशी त्याची ख्याती झाली. परंतु तारखा तपासल्या तर हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. अमेरिकेचा हा कायदा १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. त्यापूर्वीच हे तण पुण्यात होते. मात्र १९५१ साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज दिले होते आणि तेव्हापासून तेथील गहू येत होता. त्यामुळे परदेशी धान्यातून बी आले ही शक्यता खोडून काढता येत नाही. खोडून निघते ते एवढेच, की सारा दोष एका कराराच्या माथी मारता येईल.

त्याहून महत्त्वाचा पुरावा जुन्या कागदांत आणि वनस्पतिसंग्रहांत सापडतो. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोलकाता येथील उद्यानाच्या १८१४ सालच्या सूचीत ही वनस्पती नोंदलेली आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात डीट्रिच ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला तिचा नमुना असल्याचे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दाखवून देण्यात आले. म्हणजे भारतात ती दीड शतक आधीपासून कोठे ना कोठे होती. आक्रमक झाली ती मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आगमन आणि आक्रमण या दोन वेगळ्या घटना आहेत, हा आक्रमक वनस्पतींच्या अभ्यासातील मूलभूत धडा येथे दिसतो.

रसायनशास्त्रानेही या वादात साक्ष दिली आहे. दक्षिण अमेरिकेतील काही भागांतील झाडांत ‘हायमेनिन’ हे द्रव्य प्रमुख असते, तर उत्तरेकडील झाडांत ‘पार्थेनिन’. भारतभर पसरलेल्या झाडांत पार्थेनिन आहे. त्यावरून आपल्याकडील तणाची वंशावळ उत्तर अमेरिका-कॅरिबियन भागाकडे जाते, असे अनुमान निघते. हाच पार्थेनिन पुढे प्रत्येक प्रकरणात भेटणार आहे.

बियांचा हिशेब

उगवल्यावर हे झाड प्रथम जमिनीलगत पानांचा चक्राकार झुबका पसरते आणि त्याखाली दुसरे काही उगवू देत नाही. मग मधून दांडा निघतो. ओल आणि ऊब अनुकूल असली तर उगवणीपासून चार ते सहा आठवड्यांत फुले येतात. एकदा फुलू लागले, की ओल असेपर्यंत ते फुलतच राहते. एका जोमदार झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. त्या एक-दोन मिलिमीटरच्या, हलक्या असतात आणि वारा, ओढ्याचे पाणी, गाड्यांची चाके, मळणीयंत्रे, शेणखत, चारा अशा सर्व वाटांनी प्रवास करतात. वर्षात ओल मिळेल तशा अनेक पिढ्या निघतात.

यापुढील निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे झालेल्या प्रयोगात मातीत पुरलेल्या बियांपैकी बहुसंख्य बिया दोन वर्षांनंतरही जिवंत आढळल्या. याउलट जमिनीच्या पृष्ठभागावर उघड्या राहिलेल्या बिया काही महिन्यांतच रुजण्याची शक्ती गमावतात. याचा अर्थ फुलल्यावर, बी गळल्यावर शेत नांगरले तर आपण पुढील अनेक वर्षांचे बियाणे स्वतःच्या हाताने सुरक्षित साठवून ठेवतो. काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांतून खाली जाणाऱ्या बियांचेही तेच होत असले पाहिजे.

वाढत्या कर्बवायूचा परिणाम हा या अभ्यासाचा नवा अध्याय आहे. ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, विसाव्या शतकाच्या मध्यापासून हवेतील कर्बवायूच्या प्रमाणात जेवढी वाढ झाली, तेवढ्यानेही या तणाच्या आक्रमक वाणात पार्थेनिनचे प्रमाण वाढते असे आढळले. हे तण नुसते पसरत नाही, त्याचा विखारही वाढतो आहे, असा त्याचा अर्थ.

पिके, जनावरे आणि एक विषाणू

भारतात सुमारे साडेतीन कोटी हेक्टर क्षेत्र या तणाने व्यापले असल्याचा अंदाज जबलपूर येथील तण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला. कोरडवाहू पिकांत त्यामुळे ४० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते, असा आकडा नेहमी उद्धृत होतो. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द वाचकांनी विसरू नये. ती कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे.

घट येते ती दोन मार्गांनी. पाणी, अन्नद्रव्ये आणि जागा यांसाठी स्पर्धा हा पहिला मार्ग. ती तर सारीच तणे करतात. दुसरा मार्ग रासायनिक आहे. या झाडाच्या मुळांतून, पानांतून आणि कुजणाऱ्या अवशेषांतून पार्थेनिन तसेच कॅफेइक, फेरुलिक यांसारखी आम्ले मातीत उतरतात आणि शेजारच्या बियांची उगवण व वाढ रोखतात. बंगळूरु विद्यापीठातील कांचन आणि जयचंद्र यांनी १९७९-८० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत हे सविस्तर दाखविले. त्यांचा एक निष्कर्ष तर चकित करणारा होता : या तणाचे पराग वाऱ्याने उडून टोमॅटो, वांगी, मिरची अशा पिकांच्या पानांवर आणि फुलांवर बसले, तर पानातील हरितद्रव्य घटते आणि फळधारणा कमी होते. धुऱ्यावरचे तण धुऱ्यावरच राहते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. कडधान्यांच्या मुळांवरील नत्र स्थिर करणाऱ्या गाठींवरही त्याचा प्रतिकूल परिणाम होतो. सोयाबीन, तूर, मूग, उडीद हीच ज्या भागाची मुख्य पिके, त्या नांदेड-लातूरला ही गोष्ट साधी नाही.

जनावरे हे तण शक्यतो तोंडात घेत नाहीत. परंतु दुष्काळात चाऱ्यात ते मिसळले जाते. बंगळूरु येथे १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत, आहारात या तणाचे मोठे प्रमाण ठेवलेल्या म्हशीच्या आणि संकरित वासरांना त्वचेचे व आतड्याचे विकार झाले व त्यांतील काही दगावली. पोटात गेलेल्या पार्थेनिनमुळे दूध कडवट होते, असेही आढळले आहे.

लातूर परिसराला विशेष जवळचा असा एक निष्कर्ष सूर्यफुलाविषयी आहे. १९९७ पासून दक्षिण भारतात सूर्यफुलावर ‘नेक्रोसिस’ नावाच्या रोगाने थैमान घातले. शेंडा काळवंडणे, बोंड वाकडे होणे, झाड वाळून जाणे ही त्याची लक्षणे. कारण निघाले तंबाखूवरील ‘स्ट्रीक’ विषाणू. २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात याच विषाणूने भुईमुगाचे सुमारे सव्वादोन लाख हेक्टर क्षेत्र ग्रासले आणि नुकसान तीनशे कोटी रुपयांच्या घरात गेले. हैदराबादजवळील इक्रिसॅट येथील विषाणुतज्ज्ञांनी माग काढला तेव्हा गाजरगवतापर्यंत पोहोचावे लागले. या तणात विषाणू असतो, पण तणाला आजाराची खूण दिसत नाही. त्याच्या परागांत विषाणू राहतो, फुलकिडे ते पराग अंगावर वाहून नेतात आणि पिकाचे पान कुरतडताना त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात एकेकाळी खरीप-रब्बीत पिवळी धमक दिसणारी सूर्यफुलाची शेते आज विरळ झाली आणि सोयाबीनने त्यांची जागा घेतली. त्याला बाजारभावापासून पाखरांपर्यंत अनेक कारणे आहेत आणि सारे खापर विषाणूवर फोडणे योग्य नव्हे. पण धुऱ्यावरील पांढरी फुले त्या पिकाच्या रोगाचे कोठार होती, एवढे निश्चित.

त्वचेवरचा पुरावा

वैद्यकाच्या इतिहासातही पुण्याचेच नाव पहिले येते. १९६० च्या दशकात पुणे परिसरातील शेतकरी आणि मजुरांमध्ये एक चिवट त्वचारोग दिसू लागला. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतील घड्या लाल होत, खाजत, स्रवत आणि कालांतराने त्वचा जाड, काळपट, सुरकुतलेली होई. डॉ. लोणकर यांनी पुण्यातील या रुग्णांचा संबंध गाजरगवताशी जोडला. १९६८ मध्ये त्यांनी व डॉ. जोग यांनी एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९७४ साली मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसमवेत त्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात आला आणि जगाला या रोगाची ओळख झाली.

हा रोग विषबाधा नव्हे, ती ॲलर्जी आहे, आणि हा भेद समजून घेणे आवश्यक आहे. विषबाधा कोणालाही, पहिल्याच स्पर्शात होऊ शकते. येथे तसे होत नाही. पार्थेनिन त्वचेतील प्रथिनांशी जोडला जातो आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्या जोडणीला परका पदार्थ म्हणून ओळखू लागते. ही ओळख पटायला महिने, बहुधा वर्षे जातात. म्हणून ‘मी वीस वर्षे हे उपटतोय, मला काही झाले नाही’ हा युक्तिवाद फसवा आहे. एकविसाव्या वर्षी होऊ शकते, आणि एकदा झाले की शरीर ते विसरत नाही. मग अत्यल्प संपर्कही पुरतो. प्रतिक्रिया स्पर्शानंतर लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे अनेकांच्या लक्षात कारण येतच नाही. मुलांमध्ये हा रोग विरळा आणि चाळिशीनंतर अधिक दिसतो, यामागेही हीच दीर्घ ओळख आहे.

पार्थेनिनचे कोठार म्हणजे पाने, खोड व फुलांवरील सूक्ष्म लव. झाड वाळले की ही लव धुळीत मिसळून हवेत उडते. म्हणून ज्याने आयुष्यात कधी हे तण हातात घेतले नाही अशा शहरातील माणसालाही, चेहरा आणि मान अशा उघड्या भागांवर हा रोग होतो. वाळलेले तण जाळणे अथवा झाडून ढीग करणे हे या दृष्टीने सर्वांत वाईट. पुढे काही रुग्णांत सूर्यप्रकाशही सहन होईनासा होतो आणि मग हिवाळ्यात तणाचा हंगाम संपला तरी आजार संपत नाही. अनेकांना याच कुळातील शेवंती, सूर्यफूल यांचीही बाधा होऊ लागते. सूर्यफुलाची शेती असणाऱ्याला हा दुहेरी फटका होय.

परागांचा आजार निराळा. तो नाकाचा : शिंका, पाणी, डोळ्यांची आग, काहींना दमा. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. सुब्बाराव यांच्या गटाने १९८० व ९० च्या दशकांत परागांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्या शहरातील सुमारे सात टक्के लोकांना या परागांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचा त्यांचा १९९१ चा निष्कर्ष आजही उद्धृत होतो. त्वचेचा रोग आणि नाकाचा रोग यांची शरीरातील यंत्रणा वेगळी आहे. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

सुरुवातीच्या रुग्णालयीन नोंदींत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट होती. नंतरच्या अभ्यासांत हे अंतर कमी झालेले दिसते. अंगभर लुगडे, डोक्यावरून पदर यांमुळे स्त्रियांची त्वचा कमी उघडी राहते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रस्तुत लेखकाला त्यात एक पुस्ती जोडावीशी वाटते. रुग्णालयाची नोंद ही रुग्णालयात पोहोचलेल्यांचीच असते. मराठवाड्यात खुरपणी आणि निंदणी हे जवळजवळ पूर्णतः बायांचे काम आहे, आणि हातापायाला खाज सुटली म्हणून एका दिवसाचा रोज बुडवून तालुक्याच्या गावी दवाखाना गाठणाऱ्या किती निघतील?

निदानासाठी ‘पॅच टेस्ट’ केली जाते : तणाचा अर्क पाठीवर चिकटवून दोन-तीन दिवसांनी प्रतिक्रिया पाहतात. उपचारात तणापासून दूर राहणे हे पहिले औषध, आणि शेतमजुराला नेमके तेच अशक्य असते. स्टेरॉइडची मलमे आणि गोळ्या आराम देतात, परंतु औषध दुकानातून परस्पर घेऊन त्या महिनोन्महिने चालू ठेवल्याने त्वचा पातळ होण्यापासून मधुमेह आणि हाडे ठिसूळ होण्यापर्यंत दुष्परिणाम होतात. ‘अझाथायोप्रिन’ हे स्टेरॉइडला पर्याय ठरणारे औषध उपयुक्त असल्याचे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर भारतातील अभ्यासांत आणि पुढे दिल्लीच्या एम्समधील चाचण्यांत दिसून आले. ते रक्ततपासणीसह, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग विभाग या भागातील रुग्णांसाठी जवळचे ठिकाण होत.

आफ्रिकेतील एका संशोधनाचाही येथे उल्लेख करावयास हवा. केनियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हिवताप पसरविणाऱ्या तेथील डासाच्या माद्या दुसरे अन्न नसताना या तणाच्या फुलांतील रसावर अधिक काळ जगू शकतात असे आढळले. डासाची ती जात आपल्याकडील नाही, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु वस्तीलगतचे गाजरगवत हा केवळ शेतीखात्याचा विषय नाही, हे त्यातून दिसते.

भुंग्याची कथा

मेक्सिकोत हे तण खाऊन जगणारा एक छोटा भुंगा आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचे नाव. साधारण सहा मिलिमीटर लांब, मळकट पांढऱ्या पाठीवर काळसर नागमोडी रेघा. बंगळूरुच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत १९८३ साली तो आणला गेला, बंदिस्त चाचण्यांत अन्य पिकांना त्याच्यापासून धोका नाही याची खात्री करण्यात आली आणि १९८४ साली तो सोडण्यात आला. के. पी. जयंत हे या कामातील प्रमुख शास्त्रज्ञ. काही वर्षांतच बंगळूरु परिसरातील मोठ्या क्षेत्रावर तणाचा फडशा पडलेला दिसू लागला.

आणि मग १९९० च्या दशकाच्या आरंभी बातमी आली, की भुंगा सूर्यफूल खातो. मोठा गदारोळ झाला. तेलबिया वाढविण्याचे ते दिवस होते. भुंगे सोडणे थांबविण्यात आले, केंद्र सरकारने तथ्यशोधन समिती नेमली. जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले उत्तर मासलेवाईक आहे. सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजरगवताचे पराग पडले होते आणि त्या परागांच्या ओढीने भुंगा ते पान कुरतडत होता. पराग नसलेल्या पानाकडे तो सहसा वळत नव्हता आणि सूर्यफुलावर त्याची वंशवृद्धी होत नव्हती. म्हणजे आरोपी भुंगा असला तरी चिथावणी तणाचीच होती. मेक्सिकोतूनच आलेल्या आणि ऑस्ट्रेलियात यशस्वी ठरलेल्या खोडात गाठी करणाऱ्या एका पतंगाला मात्र भारताने परवानगी दिली नाही, कारण चाचणीत तो कारळ्यावर वाढू शकला. एकास दोषमुक्त करणारी आणि दुसऱ्यास दारातच अडविणारी ही काटेकोर परीक्षा जैविक नियंत्रणाची खरी ताकद आहे.

मराठवाड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील परोपजीवी कीटक संशोधन योजनेत या भुंग्यांचे संगोपन करून ते शेतकऱ्यांना व ग्रामपंचायतींना पुरविले गेले आहेत. भुंगा आणि त्याच्या अळ्या कोवळी पाने व शेंडे खातात, त्यामुळे झाडाला फुलेच कमी येतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास सुमारे चार आठवड्यांचा. मात्र त्याच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तो पावसाळ्याचा जीव आहे. पाऊस ओसरला की जमिनीत शिरून निद्रिस्त होतो, आणि कालव्याच्या ओलीवर हिवाळ्यात-उन्हाळ्यात वाढणारे तण त्याच्या तावडीतून सुटते. सोडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शिवार साफ होईल अशी अपेक्षा करणारे निराश होतात. संख्या वाढायला त्याला दोन-तीन हंगाम लागतात आणि त्या काळात तेथे कीटकनाशक फवारले तर सारेच मुसळ केरात.

फुलापूर्वी, हातमोजे घालून

कर्नाटकाने १९७५ मध्येच हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले होते. त्या राज्यात ते आजही मुबलक आहे, यावरून कायद्याची पोहोच कळते. तणनाशकांत ग्लायफोसेटचा वापर सर्वाधिक झाला, परंतु केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावे असे बंधन घातले. पडीक जागेत १५ ते २० टक्के मिठाचे द्रावण फवारण्याचा सल्ला दिला जातो. शेतजमिनीत तो विचारही करू नये. तरोट्यासारख्या वनस्पतींची दाट वाढ करून तणाला जागाच न देण्याचा उपाय गायरानांत व रस्त्यांच्या कडेला उपयोगी ठरला आहे. फुलापूर्वी उपटलेल्या झाडांचे उत्तम कंपोस्ट होते. फुललेल्या झाडांच्या ढिगात मात्र बिया जिवंत राहून त्या खताबरोबर पुन्हा शेतात जातात.

जबलपूरच्या संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत निर्मूलन जागृती सप्ताह पाळला जातो. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु मराठवाड्यात जूनच्या मध्यास पाऊस झाला, तर चार ते सहा आठवड्यांच्या हिशेबाने जुलैअखेरीस पहिली झाडे फुललेली असतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कर्मचारी तण उपटतात तेव्हा त्यातील पुष्कळशी बी गाळण्याच्या बेतात असतात, आणि छायाचित्रांत दिसणारे हात बहुधा उघडे असतात. वनस्पतिशास्त्र सांगते की मोहीम या भागात जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हवी. वैद्यक सांगते की फुले नसली तरी पानांवरील लव असतेच, त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल तेव्हाही हवा, काम संपल्यावर साबणाने हातपाय धुणे आणि कपडे वेगळे धुणे हवे. ज्यांना एकदा त्वचारोग झाला आहे त्यांना या कामाला लावूच नये. ग्रामपंचायतीला अथवा शेतमालकाला हातमोज्यांचा खर्च मजुरीच्या तुलनेत किरकोळ आहे. तरीही तो अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

ज्या जागी भुंग्यांनी झाडे खाल्लेली दिसतात, ती जागा उपटणीतून वगळावी, असे कीटकशास्त्रज्ञ सुचवितात. तेथील भुंगे ऑक्टोबरच्या सुमारास जमिनीत जातात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत मातीतच असतात. अशा जागेची खोल नांगरट टाळली, तर पुढच्या वर्षी जून-जुलैत तेथूनच भुंगे गोळा करून शेजारच्या शिवारात सोडता येतात, आणि त्यासाठी परभणीला जावे लागत नाही.